‘नवीन काय चाललंय?’ हे विचारणं मी सोडलं. त्याऐवजी काय विचारते

मी चादरी आणि टॉवेलांची डिझाइनं काढते. वडीलही हेच करायचे, ते ग्राफ कागदावर, मी आता कॉम्प्युटरवर. संध्याकाळी हौशी नाटकांची नेपथ्यं रंगवते, त्याला आता बावीस वर्षं झाली. त्यामुळे माझी सगळी ऊठबस सोलापुरातल्या कलाकार मंडळींत आहे. पेटीवाले, तबलजी, बोर्ड रंगवणारे पेंटर, डिजिटल बॅनर करणारी पोरं, लग्नाचे फोटोग्राफर, मूर्तिकार, नट. यातल्या एखाद्याचं मन खचायला लागलं तर शेजारच्या माणसानं नेमकं काय करायचं, ते मी इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जे स्वतः केलं, जिथे चुकले आणि जे डॉक्टरांकडे बसून शिकले, तेवढंच सांगते.

सुरुवात माझ्या चुकीपासूनच करते. आमच्या नाटकांना पार्श्वसंगीत देणारा एक मित्र आहे. हुतात्मा स्मृती मंदिर या आमच्या नाट्यगृहाबाहेर चहा पिताना मी त्याला विचारलं, “काय ओ दादा, नवीन काय चाललंय?” तो म्हणाला, “चाललंय की.” पुढच्या आठवड्यात मी तेच विचारलं आणि तेच उत्तर आलं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. नंतर वहिनींकडून कळलं की त्या तिन्ही आठवड्यांत तो रोज रात्री दोनच्या सुमारास उठून गच्चीवर जाऊन बसत होता.

‘नवीन काय’ हा प्रश्न आपण प्रेमानंच विचारतो. पण ज्याच्या हातून दोन महिने काहीच झालेलं नाही, त्याच्या कानाला तो हिशेब मागितल्यासारखा लागतो. सुताराला किंवा बँकेतल्या माणसाला भेटल्यावर आपण घरचं विचारतो, तब्येत विचारतो. कलाकाराला मात्र थेट कामच विचारतो. त्यालाही वाटायला लागतं की काम आहे तोवरच आपण आहोत. म्हणून मी हा प्रश्न टाकून दिला. आता तीन गोष्टी विचारते. झोप लागते का? जेवण जातं का? मागचे पैसे आले का?

हे प्रश्न साधे आहेत म्हणून त्यांचा उपयोग होतो. ‘तू उदास आहेस का?’ असं विचारलं की आपली माणसं ‘छे, छे’ म्हणून विषय बंद करतात. झोपेबद्दल मात्र खरं बोलतात, कारण झोप न लागण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. झोपेवरून सुरू झालेलं बोलणं आपोआप पुढे सरकतं.

विचारायची जागाही महत्त्वाची. समोरासमोर बसून, डोळ्यांत बघून विचारलं की माणूस आखडतो. मी दादाला सकाळी संभाजी तलावावर, म्हणजे आपल्या कंबर तलावावर, फिरायला घेऊन गेले. दोघं शेजारी शेजारी चालत होतो, दोघांचीही नजर समोर. मी विचारलं, “झोप लागते का ओ?” तो बराच वेळ गप्प. एक पूर्ण फेरी तशीच झाली. मला सारखं वाटत होतं की काहीतरी बोलावं, नाटकाचा विषय काढावा. मी जीभ आवरली. दुसऱ्या फेरीत तो म्हणाला, “पेटीला हात लावावा वाटत नाही अक्का. खोळ काढायचाच कंटाळा येतोय.” मी “हं” म्हणाले आणि चालत राहिले. मग तो अर्धा तास बोलला. त्यात मी एकही सल्ला दिला नाही, आणि तोच त्या सकाळचा सगळ्यात मोठा उपयोग झाला असं तो आजही म्हणतो.

ती पेटीची खोळ मी नंतर पाहिली. हा माणूस तालमीआधी दहा मिनिटं फडक्यानं एकेक पट्टी पुसायचा, भात्याची घडी तपासायचा. त्याच्या पेटीवरच्या निळ्या खोळीवर बोटानं रेघ ओढता येईल एवढी धूळ होती. कलाकाराचं मन आधी त्याच्या हत्यारांवर दिसतं, हे मी तेव्हा शिकले. पेंटरचे ब्रश धुतल्याशिवाय डब्यात वाळलेले, फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याची बॅटरी आठवडाभर चार्ज न केलेली, वेळेवर येणारी नटी तालमीला सलग उशिरा. शिवाय फोन न उचलणं, दारू वाढणं, चिडचिड, एरवी हसणाऱ्या माणसाचं कशातच मन न रमणं. एखाददुसरा दिवस असं सगळ्यांचंच होतं. पण उदासी, कशातच रस नसणं, झोपेची आणि भुकेची घडी बिघडणं हे रोजच्या रोज दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर त्याला मूड म्हणू नका. दोन आठवडे ही खूण डॉक्टरही धरतात. मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं टिंब करून ठेवते, कारण ‘परवापासूनच तर चाललंय’ म्हणता म्हणता महिना उलटतो.

इथे एका समजुतीबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. ‘कलाकार म्हणजे लहरीच’ आणि ‘दुःखाशिवाय कला नाही’ ही ती समजूत. या वाक्यांमुळे आजारी माणसाला आजारी म्हणायचंच राहून जातं. दादा सर्वात जास्त खचलेला होता तेव्हा त्यानं एक ओळही बांधली नाही. बरा झाल्यावर चाली सुचल्या.

पैशाचं बोला, लाजू नका

मनाच्या गोष्टीत पैसा कशाला, असं काही जण म्हणतात. आमच्या मंडळींची झोप निम्म्या वेळा पैशानंच उडालेली असते. काम हंगामी असतं. गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, जयंत्यांच्या मिरवणुका, लग्नसराई, गणपती. त्या काळात बॅनरवाली पोरं रात्र रात्र जागतात आणि मग दोन महिने रिकामी बसतात. त्यात डिझाइन आज दिलं तर पैसे कधी येतील याचा नेम नाही. एका कारखानदारानं माझी अकरा डिझाइनं ‘बघतो’ म्हणून ठेवून घेतली, त्यातली चार मागावर चढली आणि मला पैसे एकाचेही मिळाले नाहीत. मी बाजारात माझंच फूल दुसऱ्याच्या टॉवेलावर पाहिलं. त्या दिवशी घरी येऊन मी काही न बोलता झोपून राहिले, आणि पुढचे कितीतरी दिवस नवीन रेघ ओढताना वाटायचं, कुणासाठी?

आता मी तरुण मुलांना हे सांगते. कामाआधी निम्मे पैसे घ्या. बदल किती वेळा करून देणार ते आधीच ठरवा, मी तीनदा म्हणते. सगळं व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, ती फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचं बिल, करारात मुदत काहीही लिहिलेली असली तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं असतं. हे माहीत असलेला माणूस फोनवर वेगळ्या आवाजात बोलतो. आणि डिझाइन खरंच नवीन असेल तर ते कुणालाही दाखवायच्या आधी नोंदवा. डिझाइन कायदा २००० चा आहे. नोंदणी झाली की दहा वर्षं हक्क राहतो, पुढे पाच वर्षं वाढवता येतो.

मित्र म्हणून तुम्ही काय कराल? अडलेलं बिल मागायला त्याच्यासोबत जा. एकट्या कलाकाराला ‘उद्या या’ म्हणणारा माणूस दोघांना बघून निदान तारीख तरी सांगतो. ओळखीत फुकट काम मागू नका. भाच्याच्या लग्नाची पत्रिका असली तरी पैसे द्या. आणि नाव छापा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, गावाचं नाव जगभर गेलं, पण त्यावरचं फूल कुणी काढलं हे कुठेच लिहिलेलं नसतं. नाटकाच्या पत्रकावर नेपथ्य रंगवणाऱ्या मुलाचं नाव अगदी बारीक अक्षरांत का होईना येऊ द्या. तो ते पत्रक घरी नेऊन आईला दाखवतो, मी पाहिलंय.

पन्नाशी ओलांडलेले, हातात काम नसलेले लोककलावंत आणि साहित्यिक असतील तर राज्य सरकारच्या मानधन योजनेचा अर्ज त्यांच्यासोबत बसून भरा. तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि आता महिना पाच हजार रुपये मिळतात. पुष्कळ जणांचा अर्ज कागदपत्रांपाशीच अडतो.

चूक कशी दाखवायची

माझे वडील ग्राफवर डिझाइन भरायचे. कागदावर बारीक चौकोन. आडवे मोजले की ताण्याचे धागे, उभे मोजले की बाण्याचे. जो धागा उचलायचा त्याचा चौकोन लाल रंगानं भरायचा. त्यावरून मग पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडायची आणि ती पत्त्यांची माळ जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढायची. एक चौकोन चुकला की प्रत्येक चादरीत त्याच जागी डाग उठणार. मी शिकत होते तेव्हा रोज चुकायचे. वडील माझ्या ग्राफवर भिंग धरायचे, चुकलेल्या चौकोनाभोवती पेन्सिलीनं हलकं गोल करायचे आणि म्हणायचे, “इथं बघ.” बस्स. ‘तुला येत नाही’ हे त्यांनी मला कधी म्हटलं नाही, आणि शेजारच्या मागावरच्या माणसांसमोर तर गोलही केला नाही. कागद घरी आणून करायचे.

तालमीत मी हेच लागू केलंय. चूक सांगायची तर जागा दाखवायची. ‘दुसऱ्या प्रवेशात तुझा आवाज मागे पोचत नाही’ हे सांगता येतं. ‘तुझ्यात नटाचा पिंडच नाही’ हे सांगून समोरच्यानं करायचं काय? रात्री अकराला, थकलेल्या आणि उपाशी माणसाला काहीही सुनावायचं नाही. दुसऱ्या दिवशी, खाऊन झाल्यावर, बाजूला घेऊन बोलायचं. दिग्दर्शकांना हे पटवायला मला वर्षं लागली.

पडदा पडल्यानंतरचे दिवस

यावर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा थांबून लिहिते. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकाची दोन-दोन महिने तालीम चालते. रोज रात्री तीच वीस माणसं, तोच चहा, तीच भांडणं. मग एक प्रयोग. दोन-अडीच तासांत सगळं संपतं. त्याच रात्री दुसऱ्या संघासाठी रंगमंच मोकळा करायचा असतो. प्लायमधले खिळे उपटताना येणारा तो आवाज, टेम्पोत उलट्या टाकलेल्या भिंती, आणि गालावर अजून रंग असलेली पोरं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजले की पाय आपोआप तालमीच्या खोलीकडे वळतात आणि तिथे कुलूप. त्यानंतर निकाल लागतो. नंबर नाही आला तर वाईट, आणि आला तरी चौथ्या दिवशी पोकळी असतेच.

आमचा एक तरुण नट असाच प्रयोगानंतर आठ दिवस घरातून बाहेर पडला नव्हता. आम्हाला वाटलं दमला असेल. तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो. सेट सगळ्यांनी मिळून उतरवायचा, मुख्य भूमिका करणाऱ्यानंसुद्धा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीच्या वेळीच कुणाच्या तरी घरी जमायचं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, एवढं पुरतं. नाटकाबद्दल बोललंच पाहिजे असं काही नाही. आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसात प्रत्येकाला एक फोन. कुणी कुणाला करायचा ते आधीच वाटून घ्यायचं, नाहीतर जो बडबड्या आहे त्यालाच सगळे फोन जातात आणि गप्प बसणारा राहून जातो. चित्रकाराचं प्रदर्शन उतरलं की, मूर्तिकाराच्या मूर्ती चतुर्थीला एका दिवसात कारखान्यातून गेल्या की, हेच होतं. रिकाम्या मांडवात बसलेल्या मूर्तिकाराकडे त्या संध्याकाळी जाऊन बघा एकदा.

डॉक्टरांकडे नेताना

दोन आठवड्यांची खूण ओलांडली असेल तर वाट बघू नका. ‘तू डॉक्टरला दाखव’ एवढं म्हणून चालत नाही, कारण खचलेल्या माणसाला नंबर लावण्याचंही ओझं होतं. ‘मंगळवारी सकाळी मी गाडी घेऊन येते, दोघं जाऊ’ असं म्हणा. सिव्हिलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. केस पेपर काढा आणि सोबत रांगेत बसा. खासगी डॉक्टर परवडत असतील तर तिथे. जाण्याआधी एका कागदावर लिहून न्या: झोप किती तास, किती दिवसांपासून, जेवण, दारू, चालू असलेली इतर औषधं. आत गेल्यावर सगळं आठवत नाही.

दादाला औषधाची एकच भीती होती. “हात थरथरला तर? सूर कळेनासे झाले तर?” ही भीती खोटी नाही. काही औषधांनी हात थरथरू शकतो, सुस्ती येऊ शकते. ती डॉक्टरांना तशीच सांगायची: माझं काम बोटांचं आहे, मला संध्याकाळी जागं राहावं लागतं. मात्रा किंवा औषध बदलता येतं. मात्र दोन गोष्टी घरच्यांनीही पाठ करून ठेवाव्यात. उदासीच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडायची नाहीत. आणि बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंद करायची नाहीत. नुसत्या बोलण्याच्या उपचारानंही अनेकांना बरं वाटतं, काहींना दोन्ही लागतात. ते ठरवणं डॉक्टरांवर सोडा.

घरातली मोठी माणसं बाहेरचं बघायचं म्हणतात, नवस बोलतात. त्यांच्याशी भांडू नका. वहिनींनी सिद्धरामेश्वराला जाऊन हात जोडले, आणि तिथून आम्ही दवाखान्यात गेलो. दोन्ही एकाच रिक्षात झालं.

जीवाचं बोलणं निघालं तर

‘मी नसतो तर बरं’, ‘सगळ्यांची सुटका होईल’ असं कुणी म्हणालं, किंवा आपली वाद्यं, ब्रश, वह्या अचानक वाटून टाकायला लागला, तर थेट विचारा: “जीव द्यायचा विचार येतोय का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो अशी भीती असते, पण तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. ‘हो’ म्हणाला तर ओरडू नका, मुलाबाळांची शपथ घालू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं, फवारणीची किंवा रंगकामाची रसायनं अशा धोक्याच्या वस्तू हलवा आणि १४४१६ ला फोन लावा. ही टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, फुकट. मराठीत तर बोलता येतंच, तेलुगू आणि कन्नडमध्येही येतं, आणि हे आपल्या गावात फार मोलाचं आहे. सोलापूरच्या पूर्व भागातला, तेलुगू घरातला माणूस दिवसभर मराठीत व्यवहार करतो, पण दुखलं की तेलुगूतच बोलतो. तुम्हाला त्याची भाषा येत नसेल तर येणाऱ्याला बोलवा. जीवावर बेतलंच असेल तर १०८ किंवा ११२.

पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात. त्याला शिक्षा करायची नाही आणि उपचार द्यायचे, असं त्यात आहे.

आधार देणाऱ्यानं स्वतःलाही जपावं. दादाच्या त्या काळात मी रोज रात्री बारापर्यंत फोनवर असायचे आणि महिनाभरात माझंच जेवण तुटलं. मग आम्ही तिघांनी वार वाटून घेतले. मी त्याला स्पष्ट सांगितलं, “माझा सोमवार आणि गुरुवार. बाकीच्या दिवशी ह्या दोघांना. पण जीवाचं असेल तर कधीही, कुणालाही.” त्याला वाईट वाटलं नाही. उलट रोज अक्काला त्रास देतो ही टोचणी गेली, असं तो नंतर म्हणाला.

आता आमच्या तालमीच्या खोलीत, रंगाच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर तीन प्रश्न, १४४१६, आणि वारांप्रमाणे आमच्यातल्या तिघांची नावं. कपाट सगळेच उघडतात, त्यामुळे कुणी मुद्दाम वाचतोय असं दिसत नाही. मराठी मी लिहिलं, तेलुगू आमच्या प्रकाशयोजनेच्या पोरानं, उर्दू ओळ एका मेकअप करणाऱ्या ताईंनी. कन्नडची जागा अजून रिकामी आहे. अक्कलकोटहून तालमीला येणारी मुलगी रविवारी लिहून देणार आहे. तिच्यासाठी जाड निबाचं पेन आणून ठेवलंय.